रोस्टरमध्ये नाव नसलेले दिवस

३ जून २०२४, सोमवार. सकाळी पावणेनऊला मी मॉलच्या मागच्या दाराशी उभी होते, जिथे मालाच्या गाड्या लागतात तिथे. कपड्यांचं एक मोठं दालन नव्याने सुरू होणार होतं आणि त्यात मला ‘सेल्स असोसिएट’ म्हणून नोकरी लागली होती. ऑफर लेटर २७ मेचं होतं. त्यात पद, महिना १५,००० रुपये पगार आणि ३ जून ही रुजू होण्याची तारीख, तिन्ही गोष्टी छापलेल्या होत्या. दारावरच्या सुरक्षारक्षकाने वहीत नाव आणि वेळ लिहून घेतली, माझी सही घेतली. पुढचे बारा दिवस रोज आत जाताना आणि बाहेर पडताना ही सही होत होती. दालनातल्या बोटांच्या ठशाच्या मशीनवर मात्र आमची नोंद घेतली नव्हती. “ट्रेनिंग संपलं की पंचिंग सुरू करू,” असं सांगितलं होतं.

आम्ही चौदाजण होतो. एचआरच्या मॅडमनी पहिल्या तासातच कागदांचा गठ्ठा पुढे केला. त्यात पीएफचा फॉर्म होता, बँकेचा तपशील होता, ओळखपत्रासाठी फोटो मागितले होते. शेवटी एक सुटं पान होतं. त्यावर चार-पाच ओळी होत्या आणि त्यांतली एक अशी होती, की पहिले दोन आठवडे मूल्यांकनाचे असून या काळासाठी कोणताही मोबदला देय असणार नाही. मी विचारलं, “मॅडम, म्हणजे या दिवसांचा पगार नाही?” त्या म्हणाल्या, “अगं, तुम्ही अजून शिकताय ना. सगळीकडे असंच असतं.” माझ्या मागे तेराजण रांगेत उभे होते. मी सही केली. त्या सहीचं दडपण मी पुढचे दोन महिने वागवलं. आपणच लिहून दिलंय, आता कुठल्या तोंडाने मागायचं, हाच विचार सतत मनात यायचा. तसं वाटून गप्प बसलेल्या कुणासाठी तरी हे सगळं लिहिते आहे, म्हणून एक गोष्ट इथेच सांगून टाकते: तशा सहीने हक्क जात नाही. का जात नाही ते पुढे येईलच.

पहिले दोन दिवस खरोखर शिकण्याचे होते. कपड्याची घडी कशी घालायची, मापं कशी ओळखायची, बिलिंगचं मशीन कसं चालवायचं, परत आलेल्या मालाची नोंद कशी करायची, हे दाखवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गाड्या आल्या आणि वर्ग संपला. तिथून पुढे आम्ही खोके उतरवले, फोडले, माल मोजून यादीशी ताडून घेतला. हजारो कपड्यांना टॅग लावले, हँगर चढवले, रॅक इकडचे तिकडे ओढले, काचा पुसल्या, फरशी झाडली. नऊला आत गेलो की सातला बाहेर, शेवटच्या तीन दिवसांत साडेआठ. फ्लोअर मॅनेजर सर वाईट नव्हते, आमच्याबरोबर तेही खोके उचलत होते. पण त्यांना त्या दिवसांचा पगार होता आणि आम्हाला नव्हता.

शिकवणं आणि काम करून घेणं यांतला फरक ओळखायला कायद्याचं पुस्तक लागत नाही. मी त्या दिवशी आले नसते तर ते खोके दुसऱ्या कुणाला पैसे देऊन उचलून घ्यावे लागले असते का? लागले असते. मग ते काम होतं. शिकवण्याचे म्हणून जे दोन दिवस होते, तेही माझ्या हौसेचे नव्हते. त्यांचं मशीन, त्यांची घडी घालायची पद्धत, त्यांनी ठरवलेली वेळ, आणि न आल्यास नोकरी जाणार. असं प्रशिक्षण हा नोकरीचाच भाग आहे, हे माझं मत तेव्हाही होतं. फक्त ते कुणाला सांगायचं हे माहीत नव्हतं.

१६ जूनला, रविवारी, दालन उघडलं. त्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात मिळून मी पाच पूर्ण दिवस काम केलं. शिफ्टचं वेळापत्रक, म्हणजे रोस्टर, दर शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर यायचं. २२ जूनचं रोस्टर आलं आणि त्यात माझं नाव नव्हतं. मला वाटलं चुकून राहिलं. सरांना मेसेज केला. उत्तर आलं: “तू स्टँडबायवर आहेस. सकाळी नऊपासून फोन चालू ठेव. गरज पडली की बोलावतो.”

त्या स्टँडबायबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त तेच लागलं. तीन आठवडे मी सकाळी नऊला तयार होऊन बसायचे. काळी पँट, काळे बूट, केस बांधलेले. फोन आला की पाऊण तासात पोचायचं, अशी अट होती. त्यामुळे लांब कुठे जाता येत नव्हतं. शिकवण्या घेता येत नव्हत्या, कारण कुठल्या वेळी बोलावतील ते ठाऊक नाही. दुसरी नोकरी शोधायची तर मुलाखतीची वेळ कशी द्यायची? दुपारी दोन वाजले की आज बोलावणार नाहीत हे कळायचं, पण तोवर दिवस गेलेला असायचा. घरचे विचारायचे, “आज सुट्टी का?” सुट्टी नव्हती आणि कामही नव्हतं. रिकामं बसणं वेगळं आणि दुसऱ्याच्या हुकमाची वाट बघत बसणं वेगळं. पहिल्यात माणूस स्वतःच्या मर्जीचा मालक असतो.

त्या तीन आठवड्यांत मला तीनदा बोलावलं. २४ जूनला, २८ जूनला आणि ३ जुलैला. तिन्ही वेळा तास-दोन तासांत “आज गर्दी नाही, तू जा” म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या वेळी तर मी पोचून बिलिंग काउंटरजवळ उभी राहते न राहते तोच सांगितलं.

आमच्यात एक ताई होत्या, वयाने माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या आणि मुलगा सहावीत. त्यांचंही नाव रोस्टरमध्ये येत नव्हतं. एकदा आम्हा दोघींना एकदम बोलावलं आणि एकदमच परत पाठवलं. मागच्या दारातून बाहेर पडताना त्या म्हणाल्या, “जाण्यायेण्याचे पैसे खिशातून, आणि वर हे. याला नोकरी म्हणायची का गं?” जुलैच्या पहिल्या आठवड्यातच त्यांनी ते काम सोडलं आणि एका दवाखान्यात रुजू झाल्या.

८ जुलैला पगार जमा झाला. पगारपत्रकात कामाचे दिवस ५, रक्कम २,८८५ रुपये, त्यातून पीएफ वजा. मी आकडेमोड करून पाहिली: १५,००० भागिले २६ म्हणजे दिवसाचे साधारण ५७७ रुपये. पाच दिवसांचे २,८८५. हिशेब बरोबर होता, पण फक्त पाच दिवसांचा. प्रशिक्षणाचे बारा दिवस गायब. बोलावून परत पाठवलेल्या दिवसांचं नावही नाही.

मी फोन केला. एचआरच्या मॅडम फोनवर गोड बोलल्या आणि काहीच ठोस म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी, ९ जुलैला, मी ईमेल लिहिला. तो मुद्दाम छोटा ठेवला. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मी रोज किती वाजता हजर होते, काय काम केलं, किती दिवसांचा पगार आला, किती दिवसांचा आला नाही. राग ओतला नाही. उत्तरात एकच ओळ आली: “प्रशिक्षण कालावधी विनावेतन असल्याचे आपण लेखी मान्य केले आहे.” वाचून वाईट वाटलं, पण हे उत्तर पुढे फार उपयोगी पडलं. मी बारा दिवस तिथे होते, हे कंपनीने त्यात स्वतःच्या शब्दांत कबूल केलं होतं. म्हणून म्हणते, अशा बाबतीत फोनवर बोलणं झालं तरी लगेच ‘आज आपलं असं बोलणं झालं’ म्हणून लिहून पाठवावं. फोनवरचा शब्द हवेत जातो.

१५ जुलैला मी राजीनामा दिला. त्यात थकलेल्या दिवसांची मागणी पुन्हा लिहिली. १८ जुलैला तेच पत्र नोंदणीकृत डाकेने, पोचपावतीसह कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवलं. पोचपावती आठवड्याने परत आली. कंपनीकडून काही आलं नाही.

पुढे काय करायचं ते मला एका मैत्रिणीच्या आईने सांगितलं. त्या म्हणाल्या, “आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो.” माझा विश्वास बसला नाही, पण खरं होतं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ मध्ये ज्यांना मोफत कायदेशीर मदत मिळते त्यांची यादी आहे आणि त्यात स्त्रिया आहेत, उत्पन्न कितीही असो. न्यायालयाच्या आवारातच त्यांचं कार्यालय असतं. १५१०० हा त्यांचा फोन क्रमांक देशभर चालतो. मी ओळखपत्र आणि साधा अर्ज घेऊन गेले आणि मला एक वकील नेमून दिल्या.

मी त्यांच्यासमोर बसले तेव्हा आधी ते सही केलेलं पानच पुढे केलं, गुन्हा कबूल करावा तसं. त्यांनी ते वाचलं आणि बाजूला ठेवलं. म्हणाल्या, “किमान वेतन अधिनियम १९४८, कलम २५. किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करार कामगाराने सही करून दिला तरी तो रद्दबातल आहे. तुम्ही सोडून दिलात असं तुम्हालाही म्हणता येत नाही आणि त्यांनाही नाही.” मग त्यांनी १९८२ सालच्या एका निकालाबद्दल सांगितलं. दिल्लीत आशियाई खेळांसाठी बांधकामं चालली होती. तिथल्या मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी मजुरी हातात पडत होती. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करायला लागणं ही सक्तीची मजुरीच आहे आणि संविधानाचं कलम २३ तिला मनाई करतं. भुकेपोटी, दुसरा पर्याय नाही म्हणून माणूस कमी मजुरीला तयार होतो, तीही सक्तीच, असं त्या निकालात आहे. मी रांगेत सही करताना माझ्या मागे उभी असलेली तेरा माणसं मला आठवली.

पुढचा प्रश्न होता ‘ट्रेनी’ या शब्दाचा. वकील मॅडमनी विचारलं, “तुमचा अ‍ॅप्रेंटिसशिपचा करार झाला होता का? सरकारी पोर्टलवर नोंदलेला?” नव्हता. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ खाली जो खरा अ‍ॅप्रेंटिस असतो, त्याचा करार नोंदवावा लागतो आणि त्यालाही विद्यावेतन द्यावंच लागतं. ते काहीच न करता नुसतं ट्रेनी म्हणून काम करून घेतलं, तर तो माणूस कामगारच. शिवाय माझ्याकडे नियुक्तीचं पत्र, म्हणजे ते ऑफर लेटर, होतं आणि त्यात रुजू होण्याची तारीख ३ जून होती.

मग त्यांनी पुरावे विचारले. मी घरी जाऊन सगळं गोळा केलं आणि तारखेनुसार लावलं: ऑफर लेटर, पगारपत्रक, एचआरचा ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे संदेश. त्या संदेशांत “उद्या सगळ्यांनी साडेआठला या, गाडी येणार आहे” असे सरांचे शब्द तारीखवेळेसह होते. नोकरी सोडताना मला ग्रुपमधून काढलं होतं, पण मी संभाषण आधीच ईमेलवर उतरवून घेतलं होतं. सर्वांत मोठा पुरावा अनपेक्षित ठिकाणी सापडला. पीएफच्या संकेतस्थळावर सदस्याला आपला सेवा-इतिहास दिसतो. तिथे कंपनीनेच माझी रुजू तारीख भरली होती: ३ जून २०२४. ज्या दिवसांना एचआरच्या मॅडम ‘नोकरी नव्हेच’ म्हणत होत्या, त्या दिवसांपासून सरकारी नोंदीत मी त्यांची कर्मचारी होते. मॉलच्या मागच्या दारावरच्या वहीची प्रत मला मिळू शकली नाही. मात्र ती वही मागवावी, अशी विनंती अर्जात केली.

अर्जातली मागणी आम्ही तीन भागांत मांडली. प्रशिक्षणाचे बारा दिवस: ६,९२३ रुपये. बोलावून परत पाठवलेले तीन दिवस: १,७३१ रुपये. आणि २४ जून ते १३ जुलै या तीन आठवड्यांतले बाकीचे पंधरा कामाचे दिवस, ज्यांत मी स्टँडबायवर होते: ८,६५४ रुपये. एकूण १७,३०८. दिवसाचा दर कंपनीच्याच पगारपत्रकातला घेतला. किमान वेतन हा खालचा तळ, आणि नियुक्तीपत्रातला आकडा हा दोघांत ठरलेला करार, असं वकील मॅडमचं म्हणणं होतं.

या तीन भागांत कायद्याचा आधार सारखा नव्हता आणि हे त्यांनी मला आधीच स्पष्ट सांगितलं. प्रशिक्षणाचा मुद्दा भक्कम. परत पाठवलेल्या दिवसांसाठी किमान वेतन अधिनियमाचं कलम १५ होतं. दिवसाच्या दराने वेतन ठरलेल्या कामगाराने एखाद्या दिवशी पूर्ण वेळ काम केलं नाही, आणि ते त्याच्या अनिच्छेमुळे नव्हे तर मालकाने काम न दिल्यामुळे, तर त्याला त्या दिवसाचं पूर्ण वेतन मिळालं पाहिजे, असं ते म्हणतं. मला हे कलम वाचून बरं वाटलं. १९४८ साली कुणीतरी विचार केला होता की काम मालकाने दिलं नाही तर त्याचा भार कामगाराने का सोसायचा. पण ज्या दिवशी बोलावलंच नाही, नुसतं घरी फोनपाशी बसवलं, त्या दिवसांसाठी इतकं सरळ कलम नव्हतं. आठवड्याला किमान इतके तास मिळालेच पाहिजेत, असा हक्क आपल्याकडे दुकानातल्या कामगाराला नाही. कारखान्यांत लेऑफची, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवल्याची, भरपाई असते, पण तिला वर्षभराच्या सलग नोकरीची आणि कामगारसंख्येची अट आहे. म्हणून आमचा सगळा भर नियुक्तीपत्रावर होता: पगार महिन्याचा ठरलाय, तासांचा नाही. मी कामाला तयार होते, काम तुम्ही दिलं नाहीत.

२९ जुलैला सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज दिला. दोन प्रती नेल्या होत्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घेतला. बाकावर माझ्या शेजारी एक सुरक्षारक्षक काका बसले होते, त्यांचा सात महिन्यांचा पगार अडकला होता. त्यांनी माझी रक्कम विचारली. मी संकोचून सांगितली. ते म्हणाले, “लहान कशाला म्हणताय? कष्टाचे आहेत ना?”

सरकारी कामगार अधिकाऱ्यांनी कंपनीला पत्र काढलं आणि २१ ऑगस्टची तारीख दिली. त्या दिवशी कंपनीतर्फे कुणीच आलं नाही. मी मात्र नव्या नोकरीतून अर्धा दिवस रजा घेऊन गेले होते. अधिकाऱ्यांनी माझी हजेरी नोंदवली आणि २५ सप्टेंबर दिली. मी विचारलं, “सर, ते पुन्हा आले नाहीत तर?” ते म्हणाले, “तुम्ही येत राहा. तुमची हजेरी कागदावर येत राहिली पाहिजे. इथे नाही मिटलं तर प्रकरण किमान वेतन कायद्याखालच्या प्राधिकरणापुढे जाईल, तिथे मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो.” ही दहापट भरपाईची गोष्ट कंपनीच्या वकिलालाही माहीत असणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या तारखेला एचआरचे एक गृहस्थ आले. अधिकारपत्र आणलं नव्हतं. मस्टर आणा, रोस्टर आणा, त्या चौदाजणांची हजेरी दाखवा, असं अधिकाऱ्यांनी त्यांना लिहून दिलं. ते म्हणाले, “सर, मस्टरमध्ये ट्रेनींची नोंदच नसते.” अधिकाऱ्यांनी पीएफच्या नोंदीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि विचारलं, “मग ही तारीख कोणी भरली?” गृहस्थ बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. खोलीत मला त्यांचा राग आला नाही. तेही कुणाच्या तरी सांगण्यावरून आले होते. पण माझ्या बारा दिवसांचं अस्तित्व पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्याने मान्य केलं होतं, आणि माझे डोळे भरून आले.

१६ ऑक्टोबरला ते वकिलांबरोबर आले, कागद घेऊन आणि तडजोडीची तयारी करून. प्रशिक्षणाचे बारा आणि परत पाठवलेले तीन, असे पंधरा दिवस त्यांनी तिथल्या तिथे कबूल केले. स्टँडबायच्या दिवसांवर तासभर गेला. त्यांचं म्हणणं, काम नाही तर दाम नाही. मी सरांचा तो संदेश दाखवला: सकाळी नऊपासून फोन चालू ठेव. म्हटलं, “दाम नव्हतं तर मला मोकळं सोडायचं होतं. मला बांधून का ठेवलंत?” शेवटी त्या पंधरांपैकी सात दिवसांचे पैसे द्यायला ते तयार झाले. वकील मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पुढे लढलात तर हा भाग पूर्ण मिळेलच असं मी सांगू शकत नाही, आणि वर्ष-दीड वर्ष जाऊ शकतं. निर्णय माझ्यावर सोडला. मी मान्य केलं. बावीस दिवसांचे १२,६९२ रुपये. उरलेले आठ दिवस मी सोडले, आणि ते अजून मनातून गेलेले नाहीत.

मी एक अट घातली: तडजोडीच्या कागदावर ‘सदिच्छा म्हणून’ असं लिहायचं नाही, ‘थकित वेतन’ असं लिहायचं. त्यांच्या वकिलांनी थोडी खळखळ केली, मग लिहिलं. ३० ऑक्टोबरला रक्कम खात्यात आली.

त्यानंतर कायदा बदलला आहे, तेही सांगायला हवं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता २०१९ लागू झाली आणि १९४८ चा किमान वेतन अधिनियम तिच्यात सामावला गेला. माझ्या वेळी किमान वेतनाच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती. संहितेत ती तीन वर्षं आहे. पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार कलम ५९ ने मालकावर टाकला आहे. राजीनामा दिला तरी दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा, असं कलम १७ म्हणतं. हक्क सोडून देणारा करार रद्दबातल, ही गोष्ट कलम ६० मध्ये कायम आहे. काम न दिल्यामुळे अपुऱ्या राहिलेल्या दिवसाची तरतूद कलम १० मध्ये आली. पण घरी फोनपाशी बसवून ठेवलेल्या दिवसांबद्दल मला त्यातही काही सापडलं नाही. रोस्टर किती दिवस आधी द्यायचं, ऐनवेळी शिफ्ट रद्द केली तर काय, आठवड्याला किमान किती काम द्यायचं, हे कुणीतरी कायद्यात लिहायला हवं. युरोपीय संघाच्या २०१९ च्या एका निर्देशात अशा गोष्टींचा विचार आहे, आणि कायद्याने बंधनकारक असलेलं प्रशिक्षण मालकाने फुकट द्यावं, ते कामाच्या वेळेत धरावं, असंही त्यात म्हटलं आहे. म्हणजे हे लिहिता येतं.

पैसे आले त्याच संध्याकाळी मी ताईंना फोन केला होता. आधी त्या नको म्हणाल्या. “आता कुठे घडी बसतेय, कशाला पुन्हा त्यांच्या नादी लागू?” मी त्यांना सहा महिन्यांचं गणित सांगितलं. जूनचा पगार ७ जुलैपर्यंत व्हायला हवा होता, म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आत अर्ज गेला पाहिजे. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांचाच फोन आला. म्हणाल्या, “तू बरोबर येशील का?”

आम्ही दोघी विधी सेवा प्राधिकरणात गेलो. त्याच वकील मॅडम होत्या. ताईंकडे ऑफर लेटरची फक्त मोबाइलमधली प्रत होती आणि पगारपत्रक त्यांनी डाउनलोडच केलेलं नव्हतं. मॅडमनी विचारलं, “किती दिवस बोलावलं, किती दिवस परत पाठवलं, काही आठवतंय?” ताईंनी पिशवीतून मुलाची गणिताची जुनी वही काढली आणि मागून उघडली. शेवटच्या चार पानांवर पेन्सिलीने ओळीने तारखा होत्या. रोजची एक ओळ, नागा नाही. मॅडम मोठ्याने वाचत गेल्या आणि मी अर्जात उतरवत गेले: “२४ जून. १०.४० ला फोन. ११.२५ ला पोचले. १.१० ला जा म्हणाले. २५ जून. फोन नाही. २६ जून. फोन नाही. २७ जून. फोन नाही, ३ वाजेपर्यंत वाट पाहिली.”